फाटण्यासाठी निवडलेला कागद

अक्कलकोटहून दुधनीकडे निघाले की वाटेत मैंदर्गी लागते. सोलापूर जिल्ह्याचा हा कोपरा कर्नाटकाच्या सीमेला टेकलेला. अनेक घरांत कन्नड, कचेरीत मराठी, बाजारात दोन्ही. पुण्या-साताऱ्याकडची गोधडी, कित्येक खेड्यांतली वाकळ, तीच इथल्या कन्नड बोलणाऱ्या घरांत कौदी होते. जुनी लुगडी, धोतरे, परकर यांचे थर एकावर एक घालून, हातसुईने धावदोरा मारत केलेले हे पांघरूण इथे शिकवायची गरज नाही. ज्यांनी ते शंभरदा केले आहे अशा बायका अजून घरोघरी आहेत.

हे पुस्तक त्याच हातांसाठी आहे, पण त्यातली रीत वेगळी आहे. आधी कागदावर नक्षी आखायची, त्या कागदावरच कापडाचे तुकडे ठेवून मशीनने थेट कागदातून टीप मारायची, आणि चौकोन पुरा झाला की मागचा कागद फाडून टाकायचा. टोकदार चांदण्या, बारीक त्रिकोण, उतरत्या पट्ट्या अशा नुसत्या नजरेने न साधणाऱ्या आकृत्या या रीतीने अचूक येतात. नमुने, मापे, तुकडे लावायचा क्रम हे सगळे पुढच्या पानांत आहे. प्रस्तावनेत मात्र मी एकाच गोष्टीविषयी लिहिणार आहे, ती म्हणजे कागद. नवशिक्याचे काम कापडामुळे फारसे बिघडत नाही. ते कागदामुळे बिघडते, आणि बिघडले हे कळते शेवटी, फाडायला बसल्यावर.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. कागदाची निवड तो शिवताना कसा वागतो यावर करू नये, तो फाटतो कसा यावर करावी. शिवायला बहुतेक सगळेच कागद बरे असतात. फाटायला फार थोडे चांगले असतात.

हे पटण्यासाठी आधी कौदीकडे पाहावे लागेल. कौदी शिवणारी बाई खाली जुन्या कापडांचे थर अंथरते, कडा जमवून घेते आणि वर ठिगळे मांडत जाते. प्रत्येक ठिगळाखाली अखंड कापड असते. त्यामुळे ठिगळ आडव्या धाग्यात कापलेले असो की उरेब, ते ताणले जात नाही. खालचे कापड त्याला धरून ठेवते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ आणि येल्लापूरच्या भागात राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या बायका तर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत आत येतात आणि मध्यावर संपवतात. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची ‘फुले’ लावल्याशिवाय ते पांघरूण पुरे झाले असे मानत नाहीत. मोजपट्टी नाही, खडू नाही, कागद नाही. त्यांना कागद लागत नाही, कारण तुकड्याला आधार द्यायचे काम खालचे कापड करते आणि ते कायमचे तिथेच राहते.

कागदावरच्या शिवणकामात हाच आधार तात्पुरता असतो. काम होईपर्यंत कागदाने तुकड्याला घट्ट धरायचे आणि काम झाल्यावर मागे काही न ठेवता निघून जायचे. कायमचा आधार हवा असेल त्याने खुशाल मांजरपाट घ्यावा, आधी धुऊन आटवून घ्यावा आणि त्यावर शिवावे. तो मार्गही चांगला आहे. जाड पांघरुणासाठी मी तोच सुचवीन. पण दुपटे, उशीचा अभ्रा, झबल्याची पट्टी, भिंतीवरचा पडदा अशा हलक्या कामात मांजरपाटाचा एक जादा थरही जड होतो. तिथे कागद हवा.

सोलापूरच्या बाजूला कागदाची गरज आणखी एका कारणाने वाढली आहे. पूर्वी कौदीत जायची ती मऊ झालेली सुती लुगडी, इरकली. आता चिंध्यांचा मोठा भाग गणवेशाच्या कारखान्यांतून येतो. सोलापुरात गणवेश शिवण्याचा धंदा मोठा आहे, आणि त्याच्या कटिंगच्या टेबलावरून पडणारी कात्रणे बहुतेक टेरिकॉटची असतात. टेरिकॉट टिकाऊ आहे, रंग सोडत नाही, पण बोटांखालून सरकते आणि घडी धरत नाही. शिवाय बाहीच्या गोलाईतून किंवा कॉलरच्या टोकातून उरलेले कात्रण कुठल्याही दिशेने कापलेले असते. असे दोन उरेब तुकडे नुसते एकमेकांना जोडले तर टीप मारता मारताच ते लांबतात आणि चौकोनाचा पतंग होतो. तेच तुकडे कागदावर ठेवून शिवले की कागद ताणला जात नाही म्हणून तेही जागेवर राहतात. चिंधीचा धागा कुठल्या दिशेला आहे हे बघत बसावे लागत नाही. ज्या गावात नवे कापड विकत घेऊन गोधडी करणे ही चैन आहे, तिथे या रीतीचा खरा उपयोग हा आहे.

कापडाच्या कामात कागद वापरणे सोलापूरला नवे नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिची नक्षी जॅकार्डवर विणली जाते, आणि ती नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवून मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून तयार करण्याची पद्धत इथे अनेक वर्षे चालत आली. भोक आहे की नाही यावर ताण्याचा कुठला धागा उचलला जाणार हे ठरते. १८०४ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरी जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र सिद्ध केले. त्या पत्त्याने हजारो वेळा फिरूनही झिजायचे नाही, म्हणून तो जाड आणि चिवट असतो. आपल्याला हवा असलेला कागद याच्या अगदी उलट. त्याने एकदाच काम करायचे आणि फाटायचे. कागद आणायला दुकानात गेल्यावर दुकानदार ‘हा घ्या, मजबूत आहे’ म्हणून जो पुढे करतो, तो नेमका आपल्या कामाचा नसतो.

जगात या कामाच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत झाली की कागदाची निवड चुकते. पहिली वाट हातशिलाईची. षटकोन किंवा अष्टकोन कागदाचे कापायचे, प्रत्येकावर कापड दुमडून कच्च्या टाक्याने बसवायचे, मग दोन षटकोन कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचे. इंग्लंडमध्ये ही रीत फार जुनी. तिथल्या ‘क्विल्टर्स गिल्ड’ या संस्थेच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण आहे, त्यावर १७१८ हे वर्ष शिवलेले आहे, आणि आतले कागद कुणी काढलेच नाहीत म्हणून ते आजही तिथेच आहेत. जुन्या पांघरुणांत सापडलेली पत्रे, हिशेबाची पाने, शाळेच्या वहीचे तुकडे यांवरून अभ्यासक त्यांचा काळ ठरवतात. त्या १७१८ च्या पांघरुणाच्याच सुमाराच्या, लीव्हन्स हॉल या इंग्लंडमधल्या वाड्यातल्या प्रसिद्ध ठिगळकामात तर कापड भारतातून गेलेल्या छिटाचे आहे.

या हातशिलाईच्या वाटेवर कागद जाड हवा. कापडाची दुमड त्याच्या कडेवर ताठ बसली पाहिजे, आणि कागद अखंड बाहेर काढून पुन्हा वापरता आला पाहिजे. त्यासाठी आपल्याकडे लग्नपत्रिकांइतके उत्तम काही नाही. दर लगीनसराईत प्रत्येक घरात गठ्ठा साठतो. फक्त सोनेरी वर्ख, चमकी किंवा उठावाची छपाई असलेला भाग टाळावा. इस्त्रीने तो कापडाला चिकटतो. पत्रिकेची आतली कोरी बाजू, जुन्या वह्यांची कव्हरे, कॅलेंडरची पाने, सगळे चालते.

दुसरी वाट मशीनची, आणि या पुस्तकाचा मोठा भाग तिच्यासाठी आहे. इथे कागदावर रेघ असते, कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला असते आणि सुई रेघेवरून कागद भेदत जाते. रेघेची बाजू शिवणारीच्या डोळ्यांसमोर, कापड खाली. त्यामुळे तयार होणारी आकृती कागदावरच्या आकृतीच्या उलटी, आरशातल्यासारखी येते, हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवावे; अक्षरे किंवा पक्षी शिवताना याचा विसर पडला तर सगळा चौकोन वाया जातो. अमेरिकेत १९३० च्या मंदीच्या काळात बायकांनी वर्तमानपत्रांच्या आणि दुकानांच्या जाड सूचिपत्रांच्या पानांवर पट्ट्या शिवून हजारो पांघरुणे केली. कागद फुकटचा, चिंध्या फुकटच्या. मैंदर्गीच्या घरात हे अर्थशास्त्र समजावून सांगावे लागणार नाही.

मग वर्तमानपत्रच का वापरू नये? छापलेले वापरू नये, एवढेच उत्तर. दैनिकांची शाई उष्णतेने वाळवलेली नसते, ती कागदात मुरून वाळते, आणि त्यातली थोडी कायम पृष्ठभागावर सुटी राहते. वर्तमानपत्र वाचल्यावर बोटे काळी होतात ती यामुळे. इस्त्री फिरवली, त्यातून पाण्याचा हबका मारून फिरवली, की ती शाई फिक्या कापडावर उतरते आणि धुऊनही पूर्ण जात नाही. सरावाचे पहिले दोन-चार चौकोन गडद चिंध्यांवर करायचे असतील तर वर्तमानपत्र घ्यावे. बाळाच्या दुपट्यासाठी कधीच नाही.

पण तोच कागद कोरा मिळाला तर त्याच्यासारखा दुसरा नाही. कोरा न्यूजप्रिंट हा माझ्या मते या कामाचा पहिल्या पसंतीचा कागद आहे, आणि परदेशातून ‘खास शिवणकामासाठी’ म्हणून येणारे महाग कागदही बहुतांशी त्याच्याच जातीचे असतात. कारण त्याच्या बनावटीत आहे. न्यूजप्रिंट लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा बनतो. त्यातले तंतू आखूड आणि तुटके असतात, त्याला चिवटपणा देणारी खळ जवळजवळ नसते, वजन चौरस मीटरला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे सुई फिरताना तो तग धरतो, आणि टीप ओळीने भोके पाडून गेली की टपालाच्या तिकिटासारखा त्या रेघेवर सुटतो. तो लवकर पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आम्लधर्मी आहे, हे खरे. पण आपण तो कापडात ठेवणारच नाही, म्हणून त्या दोषाशी आपल्याला देणेघेणे नाही. मात्र चौकोन शिवून कागदासकट वर्षभर ट्रंकेत ठेवायचे असतील तर न्यूजप्रिंट नको.

तो मिळतो कुठे? सोलापुरात दैनिके छापली जातात आणि रीळ संपताना गाभ्यावर थोडा कागद नेहमी उरतो. तो रद्दीच्या भावात देणारे लोक भेटतात. कागदाच्या घाऊक दुकानात न्यूजप्रिंट कापून मिळतो. गणवेशाच्या कारखान्यात कापडाच्या थरांवर ठेवायला मापांच्या आखणीचा लांबच लांब कागद यंत्रातून निघतो, त्याचे टाकून दिलेले तुकडेही हलक्या वजनाचे आणि चांगले फाटणारे असतात. कात्रणे आणायला जाणाऱ्या बाईने त्यांच्याबरोबर हा कागदही मागून घ्यावा.

त्याच्या खालोखाल मी शाळेच्या वहीचा कागद ठेवीन. साधारण पंचावन्न ते साठ ग्रॅम वजनाचा, मध्यम चिवट, गावातल्या प्रत्येक दुकानात मिळणारा. स्वस्त वही जितकी, तितकी आपल्या कामाला बरी. त्यावर लिहिलेले नसावे, कारण बॉलपेनची शाई उष्णतेने आणि ओलाव्याने कापडावर उतरते. आखणी पेन्सिलीनेच करावी, तीही हलक्या हाताने.

झेरॉक्सचा कागद सगळ्यांच्या हाताशी असतो आणि म्हणून सगळ्या आधी तोच वापरतात. सत्तर ते ऐंशी ग्रॅमचा हा कागद यंत्रात न अडकता सरकावा म्हणून ताठ आणि खळ दिलेला असतो. त्यावर शिवणे सुखाचे आहे, रेघ स्पष्ट दिसते. फाडताना मात्र तो टाक्यांना ओढतो. टीप सैल होते, कधी कोपऱ्यातला टाका उसवतो. छोट्या, सरळ पट्ट्यांच्या चौकोनाला तो चालेल. ज्यात पुष्कळ तुकडे एका बिंदूला मिळतात अशा चांदणीला नको, कारण तिथले लहान लहान कागद चिमट्यानेही निघत नाहीत. दुसरा धोका शाईचा. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते, आणि गरम इस्त्री तिला पुन्हा वितळवते. छापील बाजूवर इस्त्री टेकवली तर आधी इस्त्रीचा तळ काळा होतो, मग पुढचे प्रत्येक कापड. इस्त्री नेहमी कापडाच्या बाजूने करावी आणि टेबलावर जुना पंचा घालावा.

बटर पेपरबद्दल शिवणाच्या वर्गांत फार भरवसा दिसतो. भरतकामाची नक्षी गिरवायला तो उत्तमच. आरपार दिसतो, म्हणून छापील फूल नेमके चौकोनाच्या मध्यावर आणायचे असेल तिथे त्याला पर्याय नाही. पण तो इस्त्रीच्या उष्णतेने कुरळतो आणि फाडताना तुकडे तुकडे होतो. म्हणून तिथे इस्त्रीऐवजी नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घडी बसवावी. एक सावधगिरी बाळगावी. स्वयंपाकघरात वापरायचा म्हणून जो कागद विकतात, त्यातला मेण लावलेला प्रकार या कामात मुळीच आणू नये. इस्त्री लागताच मेण कापडात शिरते आणि तेलकट डाग पडतो.

पतंगाचा कागद हलका असतो म्हणून पुष्कळांना मोह होतो. तो रंगीत असला तर ओलाव्याने रंग सोडतो, आणि पांढरा असला तरी सुईच्या दुसऱ्या फेरीतच चिरतो. नव्या साडीच्या घडीत किंवा शर्टाच्या खोक्यात येणारा पांढरा पातळ कागद मात्र जपून ठेवावा. खाली ठेवून शिवायला तो कमजोर आहे, पण पुऱ्या झालेल्या गोधडीवर वरून टीप मारायची नक्षी त्यावर पेन्सिलीने काढून, टाचण्यांनी बसवून, रेघेवरून शिवता येते. मग तो फुंकरीनेही उडतो. गडद कापडावर खडूची रेघ टिकत नाही तिथे ही युक्ती फार कामाची आहे. शिंप्यांचा खाकी कागद, ज्यावर ब्लाउजची मापे कापून ठेवतात, तो मापांसाठीच राहू द्यावा. त्याचे तंतू लांब आणि चिवट असतात, तो फाडता फाडता शिलाईच फाटते. पाण्यात विरघळणारा कागदही आता शहरांत मिळतो. तो किमती आहे आणि पूर्ण जायला भरपूर पाणी मागतो. उन्हाळ्यात घागरी मोजून पाणी वापरणाऱ्या तालुक्यात मी तो सुचवणार नाही.

कागद योग्य मिळाला तरी टाका चुकला तर तो फाटत नाही. कपड्याच्या नेहमीच्या शिलाईला इंचात दहा-बारा टाके पुरतात. कागदावर सोळा ते अठरा हवेत, म्हणजे दीड मिलिमीटरचा टाका. भोके जवळ जवळ पडली तरच कागद रेघेवर सुटतो, आणि टाका आखूड असला तरच फाडतानाचा झटका तो सोसतो. याहून बारीक केला तर शिवतानाच कागद चिरतो आणि चुकलेली टीप उसवणे अशक्य होते. जुन्या पायमशीनवरच्या आकड्यांवर विसंबू नये. काहींवर ते इंचाचे टाके दाखवतात, काहींवर टाक्याची लांबी. कागदाच्या तुकड्यावर एक इंच शिवून टाके मोजावेत. सुई १४ नंबरची घ्यावी, जाड टेरिकॉटला १६. आणि ही सुई वेगळी ठेवावी, कारण कागदात चिनी माती आणि खडूची पूड घातलेली असते, तिने टोक बोथट होते आणि तीच सुई मग तलम पोलक्याचे धागे ओढते.

नक्षी कागदावर उतरवायची माझी आवडती रीत मुळात शाईची नाहीच. एका कागदावर आकृती पेन्सिलीने नीट काढावी, तिच्याखाली सहा-सात कोरे न्यूजप्रिंट ठेवून टाचावेत, आणि मशीनमधला दोरा काढून रिकाम्या सुईने सगळ्या रेघांवरून फिरावे. खालच्या प्रत्येक कागदावर भोकांच्या रेघा उमटतात. शाई नाही म्हणजे डाग नाही. प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळतात. आणि कागद आधीच टोचलेला असल्याने शेवटी अधिक सहज सुटतो. झेरॉक्सच काढायच्या असतील तर सगळ्या एकाच मूळ कागदावरून, एकाच यंत्रावर, एकाच वेळी काढाव्यात. प्रतीची प्रत काढत गेले की माप केसाकेसाने बदलते, आणि तीस चौकोन जोडताना तो केस बोटभर होतो. मूळ आकृतीच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन काढून ठेवावा आणि प्रत हातात आल्याबरोबर तो पट्टीने मोजावा.

कागदालाही उभा-आडवा असतो, हे शिवणारीला सांगितले की तिला चटकन कळते. कारखान्यात लगदा पुढे वाहताना तंतू बहुतेक एका दिशेला लागतात. त्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडा पळतो. वर्तमानपत्राची पट्टी दोन्ही दिशांनी फाडून पाहावी, फरक लगेच दिसेल. चौकोनातल्या सगळ्यात लांब शिलाया त्या सरळ फाटणाऱ्या दिशेने येतील असा कागद कापावा. लांब शिलाईवरच सगळ्यात जास्त ताण येतो, म्हणून एवढी काळजी.

हवेचाही विचार करावा. मैंदर्गीची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते आणि इथे कागद कडक राहतो, हा या कामाला मोठाच लाभ. कोकणातल्या पावसाळ्यात तोच न्यूजप्रिंट मऊ पडतो, सुईखाली गोळा होतो. इथली अडचण उलटी आहे. उन्हाळ्याच्या भर दुपारी फार वाळलेला कागद घडीवरच तुटतो. अशा वेळी काम सकाळी करावे, किंवा कागदाचा गठ्ठा ओलसर पंच्याजवळ तासभर ठेवावा.

फाडायचे कधी, यावर मतभेद आहेत. काहीजणी चौकोन झाला की लगेच फाडतात. मी शेजारचा चौकोन जोडला जाईपर्यंत थांबायला सांगेन, निदान कडेचा कागद तरी ठेवावा. कडेला उरेब चिंधी आली असेल तर कागद निघताच ती ताणली जाते, आणि ज्या कामासाठी कागद घेतला तेच फुकट जाते. मात्र दोन चौकोन जोडताना पाव इंचाच्या मायेत दोन्हीकडचे कागद येतात, तेवढ्या पट्ट्या टीप मारल्याबरोबर काढाव्यात, नाहीतर त्या पुढच्या शिलाईत अडकतात. फाडताना चौकोन ओढायचा नाही. शिलाईवर अंगठा दाबून ठेवायचा, कागद तिच्यावर मागे-पुढे एकदा दुमडायचा आणि शिलाईकडून बाहेर, हलकेच सोडवायचा. अडलेल्या जागी ओल्या बोटाने स्पर्श करावा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासावे. सगळा कागद निघालाच पाहिजे, यात मी सवलत देणार नाही. आत राहिलेला कागद पांघरताना कुरकुरतो, पहिल्या धुण्यात त्याचा लगदा होऊन गाठी धरतात, आणि ट्रंकेत त्याच्या वासावर कसर आणि वाळवी येते.

कौदी शिवणाऱ्या आजीला हे सगळे सांगितल्यावर ती विचारील, एवढा खटाटोप कशाला? तिचा प्रश्न रास्त आहे. रोज अंगावर घ्यायच्या, चार थरांच्या जाड कौदीला कागदाची काही गरज नाही. तिथे जुने लुगडे आणि धावदोरा हेच योग्य. कागदावर फक्त वरची नक्षी करावी, मधली चौकट किंवा काठाची पट्टी, आणि ती कौदीच्या थरांवर ठेवून पुढचे काम हातानेच, आजीकडून शिकलेल्या टाक्याने करावे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर २०१३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पॅट्रिक फिन या अमेरिकी अभ्यासकाने भारतभरच्या गोधड्यांचा मोठा ग्रंथ लिहिला. अशा कामांमुळे आपल्या हातशिलाईची किंमत जगाला कळू लागली आहे. मशीनवरची अचूक चांदणी तिच्या शेजारी बसावी, तिची जागा घेऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला, आणि वर्गात हे पुस्तक घेऊन शिकवणाऱ्या प्रत्येक बाईंना माझी एक विनंती आहे. पहिल्या नमुन्याला हात घालण्याआधी हाताशी असलेल्या प्रत्येक कागदाचा चार इंचांचा तुकडा घ्या, त्यावर टेरिकॉटच्या दोन चिंध्या ठेवून दीड मिलिमीटरची एक टीप मारा आणि कागद फाडून बघा. टाका ताणला गेला का, रेघेवर कागदाची झालर उरली का, कापडाला डाग लागला का, एवढे तपासा. तुकडा वहीत चिकटवा आणि खाली कागद कुठून आणला, किती पैसे पडले ते लिहा. जो सगळ्यात सुटसुटीत फाटेल त्याचा एक रीम आणून ठेवा, आणि मगच पान उलटा.